दसऱ्याला नोंदवलेली गाडी पाडव्यालाही नाही: सीमाभागातील वेटिंग, भाववाढ आणि टॅक्स

मलप्रभाकाठ (धागाकर्ता) | २० मार्च २०२२

नमस्कार मंडळी.

मी खानापूर तालुक्यातला, पेशाने माध्यमिक शिक्षक. गेल्या दसऱ्याला, म्हणजे १५ ऑक्टोबर २०२१ रोजी, बेळगावातील एका शोरूममध्ये ११ हजार रुपये भरून एका छोट्या पेट्रोल एसयूव्हीचे बुकिंग केले. त्या दिवशी तिची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ८० हजार होती आणि ‘दहा ते बारा आठवडे लागतील’ असे तोंडी सांगण्यात आले होते. आज बावीस आठवडे उलटून गेले. जानेवारीत किंमत वाढून ९ लाख ९३ हजार झाली आणि ती मलाही लागू होणार असे कळवण्यात आले. पावती काढून पाहिली, तेव्हा तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत ‘डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती किंमत’ असे खरोखरच छापलेले आढळले. शिक्षक असूनही मी ते वाचले नव्हते, ही चूक माझीच.

गाडीची हौस म्हणून हे लिहीत नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला न्यावे लागते आणि आमची गाडी २००८ सालची आहे. तिच्या डाव्या दाराची काच खड्ड्यात आदळली की आपोआप खाली घसरते, म्हणून आईने पुठ्ठ्याची घडी करून ती खाचेत बसवली आहे. येत्या पावसाळ्यात हा पुठ्ठा किती टिकेल हे सांगता येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. उशिरासाठी शोरूमवाले चिपचा (सेमीकंडक्टरचा) तुटवडा हे कारण सांगतात, ते खरे आहे की आता ते सगळ्यांनाच सोयीचे झाले आहे? माझ्यानंतर दोन महिन्यांनी बुकिंग केलेल्या नंदगडच्या एका परिचितांना हेच मॉडेल फेब्रुवारीत मिळाले, ते कसे? आणि कोल्हापुरातून गाडी घेतली तर काही फायदा होतो का? शोरूमचे आणि मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नये.

उद्यमबागचा टर्नर | २० मार्च २०२२

सर, कारण खरे आहे; मात्र शोरूमवाले ते अर्धेच सांगतात.

माझे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनिंगचे छोटे युनिट आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येते, आम्ही टर्निंग आणि ड्रिलिंग करून ते पुण्याच्या एका पुरवठादाराला देतो आणि तो ते पुढे गाडीच्या कारखान्याला देतो. दर महिन्याच्या अखेरीस आम्हाला शेड्यूल येते, त्यात पुढच्या महिन्याचा आकडा पक्का आणि त्यापुढच्या दोन महिन्यांचा अंदाजे असतो. २०२१ च्या ऑगस्टअखेर आलेले शेड्यूल मी अजून जपून ठेवले आहे, कारण त्यात सप्टेंबरचा आधी कळवलेला आकडा थेट निम्म्यावर आणला होता आणि आमचा माल तर तयार होऊन पडला होता. गंजू नये म्हणून तेल लावून, पिशव्यांत घालून क्रेट रचत गेलो, तर रांग शेडच्या दारापर्यंत आली आणि टेंपो मागे घ्यायला जागा उरली नाही. त्याच सप्टेंबरात मारुतीने हरियाणा आणि गुजरातमधील उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे जाहीर केले होते आणि महिंद्रानेही २० ते २५ टक्के कपात सांगितली होती. आमच्याकडे लोखंड तयार होते, बाकीच्यांकडे काच आणि रबर तयार होते. अडले ते नखाएवढ्या चिपवाचून.

आता ती चिप का नव्हती ते सांगतो. एप्रिल २०२० मध्ये देशात मारुतीची एकही गाडी विकली गेली नाही, हे आपल्याला आठवत असेल. जगभर हीच गत होती, म्हणून गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. नेमक्या त्याच वेळी घरून काम आणि ऑनलाइन शाळा सुरू झाल्यामुळे लॅपटॉप आणि मोबाइलची मागणी वाढली, आणि तैवानच्या टीएसएमसीसारख्या कारखान्यांतील मोकळी झालेली क्षमता त्या मालाने व्यापली. गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली तेव्हा कंपन्या पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, पण शेवटी. सर, आपल्या शाळेतल्या पालकांनी ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला मोबाइल आणि आपली गाडी एकाच रांगेत होत्या, आणि मोबाइल पुढे होता.

ऑर्डर दिल्यापासून चिप हाती यायला कित्येक महिने लागतात, आणि गाडीला लागणाऱ्या बहुतेक चिप जुन्या धाटणीच्या व स्वस्त असल्यामुळे त्यांच्यासाठी नवा कारखाना काढायला कोणी उत्सुक नसते. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेने वीज गेली आणि तिथले चिप कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. आणि वर्षाच्या मध्यावर, जिथे चिपची जुळणी आणि तपासणी मोठ्या प्रमाणावर होते त्या मलेशियात टाळेबंदी झाली. माझ्या मते सप्टेंबरचा फटका मुख्यतः या मलेशियाचा होता. सुवेझ कालव्यात अडकलेल्या जहाजाचे नाव सगळेच घेतात, पण ते सहा दिवसांत सुटले होते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा), ड्रायव्हरची एअरबॅग, मागचा पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज हे सगळे सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे बीएस-६ निकष आले. आणि गेल्या ३१ डिसेंबरपासून जुन्या मॉडेलांनाही पुढची दुसरी एअरबॅग आवश्यक झाली. हे सारे चांगलेच झाले, परंतु यातील प्रत्येक वस्तूला चिप लागते, आणि आपली गरज वाढली ती नेमकी तुटवड्याच्या वर्षांत.

आता शोरूममध्ये युक्रेनचे नाव ऐकू येऊ लागेल. चिप बनवण्यासाठी लागणारा निऑन वायू युद्धापूर्वी तिथून मोठ्या प्रमाणात येत होता हे खरे आहे. पण सर, बारा आठवड्यांच्या हिशेबाने आपली गाडी ७ जानेवारीला यायला हवी होती आणि युद्ध सुरू झाले २४ फेब्रुवारीला. आधीच्या सात आठवड्यांचा दोष तरी त्या युद्धाला देता येणार नाही.

निपाणीकर | २१ मार्च २०२२

कोल्हापूरविषयी मी सांगू शकतो, कारण मी त्या वाटेने जाऊन आलो आहे.

आम्हा निपाणीच्या लोकांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. गेल्या वर्षी तिथे कोटेशन आणायला गेलो, तर परतताना कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद मागितला गेला. तो नसल्याने अर्धा दिवस रस्त्याकडेला गेला. तरीही आकडे पाहून मोह होतो हे कबूल करतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांच्या दरम्यान १२ टक्के कर आहे. कर्नाटकात ५ ते १० लाखांना १४ टक्के आणि १० ते २० लाखांना १७ टक्के, शिवाय त्या करावर ११ टक्के उपकर. नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच गाडीच्या ऑन-रोड किमतीत ४०-५० हजारांचा फरक पडतो तो यामुळेच.

पण कर लागतो तो गाडीची नोंदणी जिथे होते तिथला, खरेदी कुठे केली त्याचा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो आणि गाडी सामान्यतः जिथे ठेवली जाते तिथे नोंदणी करायची असते. कागलकडच्या पाहुण्यांचा पत्ता लावून एमएच-०९ हा कोल्हापूरचा नंबर घेणारे आपल्यात कमी नाहीत. पुढे गाडी इकडेच कायम राहिली, तर कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांच्या आत इकडचा नंबर घ्यावा लागतो, इकडचा कर भरावा लागतो आणि तिकडचा परतावा मिळवण्यासाठी दोन्ही आरटीओंच्या पायऱ्या चढाव्या लागतात. माझ्या मेहुण्यांनी हे सर्व केले आहे. त्यांच्यासमोर या विषयाचे नाव काढता येत नाही.

कोल्हापुरात घेऊन तात्पुरत्या नोंदणीवर बेळगावला आणणे आणि केए-२२ किंवा केए-२३ हा इकडचा नंबर घेणे हा सरळ मार्ग आहे. मात्र स्वतःच्याच गिऱ्हाइकांना गाडी पुरत नसताना तिथला डीलर परराज्यात जाणाऱ्या गाडीसाठी उत्साह दाखवत नाही. मलाही ‘बघतो, कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले. एसटीचा संप चालू असल्यामुळे आता तर तिकडच्या खेड्यांतूनही गाड्यांना मागणी वाढली आहे असे ऐकतो.

संकेश्वरचा हिशेबनीस | २२ मार्च २०२२

निपाणीकरांनी दिलेले दर बरोबर आहेत. त्याच दरांवरून मलप्रभाकाठ सरांना एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते.

आपली गाडी सध्या ९ लाख ९३ हजारांची आहे. एप्रिलमध्ये पुन्हा भाववाढ होणार अशा बातम्या आहेत. समजा केवळ १२ हजार वाढले आणि किंमत १० लाख ५ हजार झाली. शोरूममध्ये ‘सर, बाराच हजार’ असे सांगतील. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आजच्या किमतीवर १४ टक्क्यांनी कर १,३९,०२० आणि त्यावर ११ टक्के उपकर १५,२९२, म्हणजे एकूण १,५४,३१२ रुपये होतात. किंमत १०,०५,००० झाली की दर १७ टक्क्यांवर जातो, आणि तो १० लाखांच्या वरच्या पाच हजारांवर नव्हे तर संपूर्ण किमतीवर लागतो. कर १,७०,८५० आणि उपकर १८,७९३ धरून १,८९,६४३ रुपये. म्हणजे बारा हजारांच्या वाढीने कर ३५,३३१ रुपयांनी वाढतो आणि खिशातून जातात ४७ हजारांहून अधिक. याशिवाय १० लाखांवरील गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतलेला आयकर), म्हणजे १०,०५० रुपये, डीलरला घ्यावाच लागतो. विवरणपत्र भरल्यावर तो जमेस धरला जातो, त्यामुळे तो खर्च नव्हे. पण डिलिव्हरीच्या दिवशी पैसे उभे करावेच लागतात.

हीच उडी महाराष्ट्रात ११ हजार रुपयांची पडते. आयकरात टप्पा ओलांडला तर वाढीव रकमेवरच वाढीव दर लागतो, म्हणून लोकांचा समज असतो की इथेही तसेच असेल. तसे नाही.

नऊ-साडेनऊ लाखांची गाडी बुक करून बसलेल्या सर्वांनी हा हिशेब आजच करावा, असे माझे मत आहे. वेटिंगचा खरा खर्च इथे आहे.

मलप्रभाकाठ | २२ मार्च २०२२

हिशेबनीस साहेब, आपला प्रतिसाद वाचून रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. आकडे तंतोतंत जुळतात. आज शोरूमला फोन केला, तेव्हा एप्रिलची वाढ होणार हे त्यांनी मान्य केले, पण ‘टॅक्सचे तुम्ही आरटीओला विचारा’ असे उत्तर दिले. नंदगडच्या गाडीबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

चोर्ला घाट | २३ मार्च २०२२

सर, एवढा विचार कशाला करता? माझ्या भावाने सेल्सवाल्याला वरचे पंचवीस हजार दिले आणि तीन आठवड्यांत गाडी दारात आली. आईच्या डायलिसिसपुढे पंचवीस हजार काय मोठे?

पूर्वी शोरूममध्ये होतो | २३ मार्च २०२२

चोर्ला घाट, आपल्या भावाला गाडी मिळाली ती दुसऱ्या कोणाच्या तरी आईच्या रांगेतली होती. शिवाय त्या पंचवीस हजारांची पावती मिळाली नसणार. बुकिंग रद्द झाले असते तर ते पैसे कोणाकडे मागितले असते?

मी सात वर्षे वेगवेगळ्या शोरूमांत सेल्समध्ये होतो, आता नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. सर, नंदगडच्या गाडीचे कोडे आपल्याला वाटते तितके काळेबेरे नसेलही. आपण ज्याला ‘तेच मॉडेल’ म्हणता ते आमच्या संगणकावर तेच नसते. रांग मॉडेलची नसते. व्हेरियंट, गिअरबॉक्स आणि रंग मिळून जो कोड होतो, त्या प्रत्येक कोडची रांग वेगळी असते. कारखाना दर महिन्याला ज्या चिप हाती आहेत त्यांच्यात बसतील तेवढ्या आणि तशा गाड्या बनवतो, आणि डीलरला त्यातील वाटा म्हणजे अलॉटमेंट येते. पांढऱ्या रंगाच्या मधल्या व्हेरियंटच्या पाच आल्या आणि आपल्या कोडची एकही आली नाही, तर आपल्या मागचे पाच जण पुढे जातात. यात कोणी लबाडी केलेली नसते. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० चेच पाहा. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी ५७ मिनिटांत २५ हजार बुकिंगे झाली. पण खालच्या व्हेरियंटवाल्यांना काही महिन्यांत गाडी मिळू लागली आणि वरच्या एएक्स७ वाल्यांना दीड वर्षापर्यंतच्या तारखा सांगितल्या गेल्या. बुकिंग एकाच दिवसाचे, रांगा निराळ्या.

आता लबाडी कुठे असते तेही सांगतो. डीलरला गाडी कंपनीकडून निघाली की पैसे मोजावे लागतात आणि त्या दिवसापासून त्याचे व्याज चालू होते. त्यामुळे यार्डात गाडी उतरली की ज्याचे कर्ज मंजूर होऊन तयार आहे, जो विमा शोरूममधूनच घेणार आहे आणि ज्याने सीट कव्हरपासून बॉडी कव्हरपर्यंत तीस हजारांच्या ॲक्सेसरीज लिहून दिल्या आहेत, त्याचा फोन आधी वाजतो. सणाच्या तोंडावर नातेवाइकांच्या नावाने दोन-चार बुकिंगे घालून ठेवायची आणि पुढे घाईतल्या गिऱ्हाइकाला तो क्रमांक ‘मिळवून’ द्यायचा, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकदा मीही ते केले आहे.

सर, आपला रंग कोणता? टपाचा रंग वेगळा असलेला ड्युअल-टोन असेल, तर तो कोड आपल्या भागात फार थोड्या गाड्यांचा येतो.

मलप्रभाकाठ | २४ मार्च २०२२

होय, ड्युअल-टोन. मुलीने निवडला होता. त्याला १६ हजार रुपये जास्त आहेत.

संकेश्वरचा हिशेबनीस | २४ मार्च २०२२

मग उत्तर सापडले म्हणायचे! वाढीनंतर १०,०५,००० मधून १६ हजार गेले की ९,८९,००० राहतात. किंमत १० लाखांच्या आत, दर १४ टक्के, कर आणि उपकर मिळून १,५३,६९१. टीसीएस नाही. गाडी १६ हजारांनी आणि कर जवळपास ३६ हजारांनी कमी, म्हणजे टपाचा तो काळा रंग आपल्याला ५२ हजारांना पडत होता.

पूर्वी शोरूममध्ये होतो | २४ मार्च २०२२

एकाच रंगाची पांढरी घ्या, ती लवकरही येईल. परंतु सावध राहा: रंग बदलताना पुष्कळदा जुने बुकिंग रद्द करून नवे घालतात आणि आपली ऑक्टोबरची तारीख पुसली जाते. ‘बुकिंगची मूळ तारीख कायम ठेवून फक्त रंग बदलावा’ असे ईमेलने लिहा, त्याला उत्तर मागा आणि उत्तर येईपर्यंत कोणत्याही फॉर्मवर सही करू नका. कर्जाचे मंजुरीपत्र हाताशी ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन करून ‘गाडी कधी येणार’ असे विचारू नका. ‘या महिन्याच्या अलॉटमेंटमध्ये माझ्या कोडच्या किती गाड्या आल्या आणि त्या कोडच्या यादीत माझा क्रमांक कितवा’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला प्रत्येकाकडे ठरलेले उत्तर असते. दुसऱ्या प्रश्नासाठी संगणक उघडावा लागतो.

कोर्ट रोडवरून | २५ मार्च २०२२

वकिलाच्या नजरेतून थोडेसे. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत’ ही अट पावतीवर असेल आणि आपली सही असेल, तर निव्वळ भाववाढीविरुद्ध दाद मिळणे कठीण आहे. तोंडी सांगितलेल्या बारा आठवड्यांचेही तसेच. मात्र त्याच व्हेरियंटची, त्याच रंगाची गाडी नंतरच्या गिऱ्हाइकाला आधी दिली गेली आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही, तर सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून प्रश्न उपस्थित करता येतो. त्यासाठी वरच्या मित्राने सांगितलेले ईमेलच पुरावा ठरतात.

सीमाभागातील वाचकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाल्यानंतर तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे बुकिंग कोल्हापूरला केले असले, तरी निपाणीच्या ग्राहकाला बेळगावच्या आयोगात दाद मागता येईल. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात शुल्क नाही. ऑनलाइन, घरबसल्या अर्ज करण्याची सोय आहे. तरीही सल्ला असा की आधी लेखी नोटीस द्यावी. बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात.

काँप हद्द | २७ मार्च २०२२

मी लष्करात आहे आणि सध्या बेळगावात नेमणूक आहे. बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून गाडीच्या नंबरांची बीएच (भारत) मालिका सुरू झाली आहे. तीत दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो आणि राज्य बदलले तरी नंबर बदलावा लागत नाही. खासगी नोकरदारांनाही ती मिळू शकते, पण त्यांच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असली पाहिजेत. दोन राज्यांत घर आणि शेत असलेल्या आपल्या सीमाभागातल्या माणसाला मात्र तिचा उपयोग नाही. खरे तर वर्षातून शंभर वेळा सीमा ओलांडणारा तोच.

मलप्रभाकाठ | ९ जुलै २०२२

मंडळी, उशिराने लिहीत आहे, पण हिशेब पूर्ण झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

२८ मार्चला ईमेल पाठवला. तीन दिवस उत्तर नाही. मग प्रत्यक्ष शोरूममध्ये गेलो, व्यवस्थापकांच्या टेबलासमोर बसलो आणि यादीतला क्रमांक विचारला. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला नाही, पण उघडला. ड्युअल-टोनच्या यादीत मी चौथा होतो आणि जानेवारीपासून त्या कोडची एकच गाडी आली होती. नंदगडची गाडी पांढरी निघाली. दोन महिने मनात धरलेला संशय तिथे गळून पडला, आणि त्या गृहस्थांना मी फोनवर जरा तुटकपणे बोललो होतो त्याचे वाईट वाटले. रंग बदलला, ऑक्टोबरची तारीख कायम ठेवल्याचे उत्तर संध्याकाळपर्यंत ईमेलवर आले, आणि मुलगी दोन दिवस बोलली नाही.

एप्रिलमध्ये किंमत अपेक्षेप्रमाणेच वाढली. मे महिन्यात पांढऱ्यांच्या यादीत सहावा, जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा. २४ जूनला चॅसिस नंबर मिळाला आणि ६ जुलैला गाडी. इनव्हॉइस ९,८९,००० चे, कर १,५३,६९१. टीसीएस नाही. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना जून २०२२ आहे हे पाहूनच सही केली.

उशिराची किंमत इतर दोन ठिकाणी मोजावी लागली. रिझर्व्ह बँकेने ४ मे आणि ८ जूनला मिळून रेपो दर ४ वरून ४.९० टक्क्यांवर नेला आणि जानेवारीत ७.२५ टक्क्यांनी मंजूर झालेले माझे ६ लाखांचे कर्ज, मुदत संपल्यामुळे, ७.९० टक्क्यांनी पुन्हा मंजूर करून घ्यावे लागले. सात वर्षांच्या हप्त्यात महिन्याला सुमारे १९० रुपयांचा फरक, म्हणजे एकूण १६ हजार. आणि १ जूनपासून थर्ड पार्टी विम्याचे दर बदलल्यामुळे तीन वर्षांच्या हप्त्याला ९,५३४ ऐवजी १०,६४० पडले.

आषाढात नवीन वस्तू आणू नये असे घरातल्या काही मंडळींचे म्हणणे होते. आई म्हणाली, डायलिसिस आषाढात थांबत असेल तर गाडीही थांबवा. त्यामुळे ६ तारखेलाच यार्डातून गाडी काढली, हिंडलग्याच्या गणपतीला नारळ वाढवला आणि शोरूमच्या मुलांना कुंदा दिला. जुनी गाडी गावातल्याच एका गवंड्याने घेतली. दारातला पुठ्ठा मी काढायला गेलो, तर आईने तो तसाच ठेवायला सांगितला. पाऊस त्यालाही लागणारच आहे.

उद्यमबागचा टर्नर | ९ जुलै २०२२

अभिनंदन, सर. आमच्याकडे जुलैचे शेड्यूल गेल्या वर्षीच्या दीडपट आले आहे आणि आता अडचण उलटी आहे: माणसे मिळत नाहीत. २०२० मध्ये बिहार आणि ओडिशाला गेलेले कारागीर सगळे परतलेले नाहीत.

निपाणीकर | १० जुलै २०२२

अभिनंदन. हा धागा वाचून मी कोल्हापूरचा नाद सोडला आणि मे महिन्यात बेळगावातच बुकिंग केले. रंग पांढरा, किंमत ९ लाख ४० हजार, म्हणजे टप्प्याला अजून ६० हजारांचे अंतर आहे. आपण सांगितला तोच प्रश्न काल फोनवर विचारला. पलीकडचा मुलगा थोडा थांबला, मग ‘एक मिनिट हं, बघून सांगतो’ म्हणाला. या महिन्यात माझ्या कोडच्या तीन गाड्या आल्या आणि यादीत मी अकरावा आहे.